भिंतीपलीकडचा ठेका

पाणी आणून ठेवलंत का कुणी? आधी ठेवा. मग मधेच कुणी उठायचं नाही. तो मोठा दिवा घालवा, कोपऱ्यातला राहू दे. नाही गं, घाबरवायला नाही. डोळ्यांवर येतो माझ्या.

ही गोष्ट माझी नाही, माझ्या मित्राची आहे. मी तिच्यात शिरलो तो अगदी साध्या कामाने. त्याच्या ऑर्गनचा भाता फाटला होता. पायाने हवा मारायचा तो जुना ऑर्गन असतो ना, त्याचा. वाद्यदुरुस्तीचं माझं दुकान तेव्हा चालू होतं. भात्याला नवं चामडं लावून मी तो पोहोचवायला निघालो. नोव्हेंबरातला रविवार होता, सकाळची वेळ. आदल्या रात्री, म्हणजे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी रात्री, त्याच्या घरी जे काही झालं ते झालं.

"काका, भूत शनिवारीच का येतं?"

रविवारी सुट्टी असते म्हणून. गप ऐक.

मित्राला आमच्या गल्लीत सगळे मंदोबा म्हणायचे. डोक्याने मंद नव्हता हो, उलट फार हुशार. पण त्याचं संगीत मंद. पियानो वाजवायचा आणि स्वतः रचायचा. घरात एक जुना उभा पियानो, हा ऑर्गन, आणि वायरींच्या गुंत्यात बसलेले दोन इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये तो लोकरीच्या कापडाची पट्टी सोडायचा, म्हणजे सूर दबका, मऊ यायचा. मागे कीबोर्डवर एकच सूर धुक्यासारखा धरून ठेवायचा. समोरचा न्हावी म्हणायचा, "हा एक सूर वाजवतो, आत जाऊन चहा पिऊन येतो, तरी तो सूर आपला चालूच." पण तोच न्हावी रात्री दुकान बंद केल्यावर पायरीवर बसून ऐकायचा, हेही मी पाहिलंय.

मंदोबाला वाढवलं त्याच्या आत्याने. आईबाप लहानपणीच गेले. आत्याबाई कपडे शिवायच्या. मशीनवर पाय चालू असला की तोंडाने गाणं चालू. त्यांच्या लहानपणच्या गावातली गाणी. विहिरीवरची, कापणीची, पोरं निजवायची. मंदोबाने सगळं घेतलं ते तिथूनच. तीच गाणी तो ताणायचा, त्यांच्यातले शब्द काढून टाकायचा, दोन सुरांच्या मध्ये मोकळी जागा सोडायचा. आत्याबाई मला म्हणायच्या, "माझं गाणं रुमालाएवढं. याने ओढून ओढून त्याची चादर केली बघ." वरून तोंड वाकडं, आतून फुललेल्या.

रेकॉर्डिंग तो घरीच करायचा, आणि रात्रीच. दिवसा रस्त्याचा आवाज. माइक पियानोला इतका चिकटून ठेवलेला असे, की याने श्वास घेतला तरी तो ऐकू यावा. म्हणून खोलीच्या दाराबाहेर त्याने लाल दिवा लावला होता. दिवा लागला की घरात कुणी हलायचं नाही. आत्याबाई मशीनवरून पाय उचलायच्या. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायच्या. मी एकदा तो दिवा न बघता दार उघडलं होतं. एक शब्द बोलला नाही, पण आठवडाभर माझ्या दुकानासमोरून खाली मान घालून गेला. टेक, म्हणजे चालू रेकॉर्डिंग, मोडणं म्हणजे त्याला कुणी पोटात गुद्दा मारल्यासारखं व्हायचं.

मग आत्याबाई आजारी पडल्या. हृदय थकलं आणि आवाज तर पारच गेला, नुसती कुजबुज उरली. त्यांचा पलंग याच्या खोलीच्या भिंतीला लावून ठेवला होता. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला पियानो, मध्ये एक भिंत.

अंगुस्तान माहीत आहे ना? शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती धातूची टोपी. आत्याबाईंच्या बोटातून ती कधी उतरली नाही. शिवणं सुटलं तरी नाही. मंदोबाने त्यांना सांगितलं, "आत्या, काही लागलं तर त्याने भिंतीवर ठोक. मला ऐकू येईल."

"आणि लाल दिवा असला तर?"

"तरी ठोक."

"टेक मोडेल की तुझा."

"मोडू दे. मी उठेन."

हे माझ्यासमोर झालेलं बोलणं आहे. मी तिथेच स्टुलावर बसून चहा पीत होतो.

पाण्याचंही सांगून ठेवतो. आत्याबाईंना प्यायला कोमट पाणी लागायचं. पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर ग्लास, आणि ग्लासवर झाकण. हे झाकण त्यांच्या बटणांच्या डब्याचं. निळं, वर पांढरा हंस, आणि हंसाचा एक पंख खरवडून गेलेला. घरात बशा भरपूर होत्या. पण त्यांना तेच लागायचं. "हे झाकण घट्ट बसतं," म्हणायच्या. दिवसभर डबा उघडा, झाकण ग्लासवर.

हिवाळ्याच्या तोंडाला एका रात्री आत्याबाई गेल्या. झोपेत गेल्या, असं मंदोबाने सांगितलं. आम्हीही म्हटलं, सुटल्या बिचाऱ्या. त्यांची मुलगी परगावी असते, मंदोबाची आतेबहीण. त्याच्याहून मोठी, ताई म्हणतो तो तिला. ती आली, रडली, आईची आठवण म्हणून बटणांचा डबा झाकणासकट घेऊन गेली. अंगुस्तान बोटातून निघालंच नाही. ते आत्याबाईंबरोबरच गेलं.

आणि पुढच्या काही महिन्यांत मंदोबाचं नाव झालं.

एकाच रचनेमुळे झालं. आत्याबाईंचंच एक निजवायचं गाणं. पियानो, मागे तो धुक्यासारखा सूर, आणि मधल्या मोकळ्या जागांत एक बारीक ठोका. टक्... टक्... टक्. हळूहळू तो ठोका मंद होत जातो, पियानोही त्याच्याबरोबर मंद होतो. मग ठोका थांबतो. शेवटचा सूर एकटाच विरत राहतो. रेडिओवर लागायचं. मोठ्या सभागृहात कार्यक्रम झाला तेव्हा माझ्या शेजारचा जाडजूड गृहस्थ रुमालात नाक खुपसून रडत होता. लोक विचारायचे, हा ठोका कशाचा हो? मंदोबा म्हणायचा, "इलेक्ट्रॉनिक आहे."

ताईही आली होती त्या कार्यक्रमाला. संपल्यावर तिने याचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तो ठोका अगदी आईच्या अंगुस्तानासारखा वाटतो रे. तू तिला त्यात ठेवलंस. फार बरं केलंस."

मंदोबा पायांकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, लाजला.

तर तो रविवार, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातला. भाता काखेत घेऊन मी त्याच्या घरी पोहोचलो. बाहेरचं दार उघडं. लाल दिवा विझलेला. हाक मारली, तर आवाज आला आत्याबाईंच्या खोलीतून.

"आत ये. पण कशाला हात लावू नकोस."

तो जमिनीवर बसला होता, पलंगाला पाठ टेकून. रात्रभर झोपला नव्हता हे दिसतच होतं. मी म्हटलं, "काय रे, पडलास की काय?" तो म्हणाला, "बस. तुला सांगतो. मधे बोलू नकोस, नाहीतर मी सांगू शकणार नाही."

मी उंबऱ्यातच बसलो, भाता मांडीवर घेऊन. आता तो जसं बोलला तसं सांगतो.

"आत्या झोपेत गेली नाही," तो म्हणाला.

त्या रात्री तो तेच गाणं बसवत होता. कित्येक महिने ते हाती लागत नव्हतं, आणि त्या रात्री लागलं. बोटं आपोआप जात होती. आणि भिंतीवर ठोका पडला.

"मला ऐकू आलं," तो म्हणाला. "पहिलाच ठोका ऐकू आला. मनात म्हटलं, एवढं कडवं होऊ दे."

दुसरा ठोका पडला. तो नेमका दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिसराही तसाच. तो म्हणाला, "मला वाटलं... किती छान पडतोय."

मग ठोके लांबले. याने पियानोची लय कमी केली. ठोके आणखी लांबले. याने आणखी कमी केली. भिंतीपलीकडे ती उठ म्हणून सांगत होती, आणि अलीकडे हा तिची साथ करत होता. ठोके थांबले. याने शेवटचा सूर दाबला, आणि तो पूर्ण विरेपर्यंत बोट उचललं नाही. रेकॉर्डिंगचं मशीन बंद केलं. मग तिच्या खोलीत गेला.

ग्लास रिकामा होता. झाकण जमिनीवर पडलं होतं. आत्याबाईंचा हात भिंतीलाच टेकलेला.

"डॉक्टर म्हणाले, कुणी असतं तरी काही उपयोग नव्हता," मंदोबा म्हणाला. "तिला पाणी हवं होतं की मी, ते आता कोण सांगणार? पण मी उठलो नाही. आणि नंतर... ते रेकॉर्डिंग पुसायला हवं होतं. पुसलं नाही. इतका चांगला टेक पुन्हा आला नसता."

मी मांडीवरचा भाता खाली ठेवला. 

रेकॉर्डिंग कंपनीला तसंच आणखी एक हवं होतं. लोकांना ठोका आवडला होता ना. याने नवं अंगुस्तान आणलं, लाकडावर ठोकून पाहिलं, फरशीवर पाहिलं, त्याचा आवाज कीबोर्डमध्ये भरून पाहिला. जमेना. सगळं घड्याळासारखं वाजायचं. शनिवारी रात्री लाल दिवा लावून तो पुन्हा बसला. रस्ता शांत. न्हाव्याचं दुकान बंद. आत्याबाईंच्या खोलीत कुणी नाही, फक्त मोकळा पलंग, स्टूल, आणि वायरींच्या गुंडाळ्या.

तो वाजवायला लागला.

थोड्या वेळाने भिंतीवर ठोका पडला.

टक्.

त्याला वाटलं, वायर हलली असेल. मशीनवर आवाजाचा काटा असतो. काटा उडाला.

टक्.

पुन्हा उडाला. म्हणजे माइकला ऐकू येत होतं. म्हणजे ते त्याच्या डोक्यातलं नव्हतं.

"काय केलंस मग?" मी विचारलंच.

त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकला.  मग बोटांच्या आडून म्हणाला, "वाजवत राहिलो."

...

"कळतंय का तुला? घाबरलो नव्हतो. पळालो नाही. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की मिळालं. तोच आवाज. आणि मी वाजवत राहिलो... साथ करत."

पोरांनो, मी भुताखेतांच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्यात. पण माणसाला इतकं लहान होऊन जमिनीवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग ठोके लांबायला लागले. तसेच. पहिल्यासारखेच. याची बोटं लय कमी करायला निघाली... आणि थांबली. त्याने मशीन बंद केलं. आधी मशीन बंद केलं. मग उठला.

आत्याबाईंच्या खोलीत अंधार. दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. बाहेरच्या उजेडात पलंग दिसत होता. पलंगावर कुणी नव्हतं. ठोके बंद.

"आत्या," तो म्हणाला. म्हणायला गेला. आवाज फुटला नाही. नुसती कुजबुज. घसा कोरडा, लाकडासारखा. पायांतलं बळ गेलं. तो पलंगावर बसला. मग आडवा झाला. का, ते त्यालाही सांगता येईना. पाठीमागे दार आपोआप लागलं.

अंधार.

शांतता.

आणि भिंतीपलीकडे पियानो सुरू झाला.

...

नाही, घरात दुसरं कुणी नव्हतं.

तेच गाणं. निजवायचं. त्याच्यासारखं ताणलेलं नाही. रुमालाएवढं. जसं आत्याबाई म्हणायच्या तसं. एक बोट, अडखळत. आत्याबाईंना पियानो येत नव्हता. पण गाणं येत होतं.

याला उठता येईना. हाक मारता येईना. छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं. पाणी हवं होतं. फक्त पाणी. हात वर केला. भिंतीला लागला. तिथे गिलाव्यात बारीक खळगे होते. अंगुस्तानाचे. बोटांना लागले ते. एवढे दिवस त्या खोलीत ये-जा करून त्याने कधी पाहिले नव्हते.

त्याने बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकलं.

पियानो चालूच.

त्याला कळलं. मला म्हणाला, "तेव्हा मला कळलं रे, तिला काय ऐकू येत होतं ते. आपण ठोकतोय... आणि पलीकडून कुणीतरी छान वाजवतंय."

पुन्हा ठोकलं.

पियानो थांबला.

ओळ अर्धी होती. सूर अर्धा होता. तसाच तोडून टाकला.

पियानोपुढचं स्टूल सरकलं.

सपाता. आत्याबाईंच्याच. एक पाय जरा ओढत.

दाराशी आल्या.

दार उघडलं...

मी विचारलं, "कोण होतं? पाहिलंस?"

तो नाही म्हणाला. त्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. डोळे गच्च मिटून.

"भीती वाटली?"

"नाही," तो म्हणाला. "कुठल्या तोंडाने बघणार होतो?"

सपाता पलंगापर्यंत आल्या. थांबल्या. खूप वेळ थांबल्या. शिवणाच्या मशीनच्या तेलाचा वास आला. मग स्टुलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज. हलकेच. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये तसा.

मग सपाता गेल्या.

...

"ती उठली," मंदोबा म्हणाला. "अर्ध्यात उठली."

एवढं बोलून त्याने स्टुलाकडे बोट केलं. मी इतका वेळ त्याच्याकडेच बघत होतो. स्टुलावर ग्लास होता. पाण्याने भरलेला. ग्लासवर निळं झाकण. वर पांढरा हंस. एक पंख खरवडलेला.

मी म्हटलं, "हे तर ताई घेऊन गेली होती."

 त्याने फोन उचलला. मला म्हणाला, "तू इथेच बस. तू उठलास तर मी फोन ठेवून देईन."  तो सगळं सांगणार होता तिला. टेकचं, ठोक्याचं, सगळं. त्याने फोन मोठ्या आवाजावर केला, मला ऐकू यावं म्हणून. स्वतःला पळता येऊ नये म्हणून, असं मला वाटतं.

ताईने उचलला. तो "ताई..." म्हणाला, आणि अडला. तिला वाटलं नेहमीसारखंच, मंदोबा म्हणजे बोलायलाही वेळ लागणार. हसली. म्हणाली, "बरं झालं तूच फोन केलास. अरे, आईच्या डब्याचं झाकण कुठे गेलं कळत नाही. काल रात्री झोपताना डब्यावर होतं, मी स्वतः लावलं. सकाळी बघते तर डबा उघडा. बटणं सगळी जागच्या जागी. घर पालथं घातलं..."

ती बोलत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, इकडून कुणी बोलत नाही.

"काय रे? रडतोयस?"

तेव्हा त्याने सांगितलं. पहिल्यापासून. काही गाळलं नाही, 'मिळालं' वाटलं होतं तेही नाही.  त्याचं सांगून संपलं. फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता.  मग फोन बंद झाला. तिने बंद केला की हाताचा धक्का लागला, माहीत नाही. पुढे वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली. झाकण मात्र परत मागितलं नाही.

ती रचना त्याने मागे घेतली. कंपनीशी भांडण झालं, ते झालं. अजून वाजवतो तो. पण दारावरचा लाल दिवा मी स्वतः काढून आणला, त्याच्या सांगण्यावरून. माझ्या माळ्यावर पडलाय.

हं? पाणी? पाण्याचं काय झालं?

त्याने ते प्यायलं नाही. म्हणाला, तिच्यासाठी मी उठलो नाही, हे मी कसं पिऊ, ओतून ये. म्हणून मी उठलो. दुपार व्हायला आली होती तेव्हा. खिडकी रात्रभर उघडी, हवा इतकी गार की माझी बोटं आखडली होती. मी झाकण काढलं. ग्लास हातात घेतला.

पाणी कोमट होतं.